ग्रंथालये : पाहिलेली आणि पाहायची राहिलेली

(द्वितीय वर्ष, कला)

देशाटनाने माणूस शहाणा होतो, असे आपली वडीलमाणसे सांगत आली आहेत. तीर्थयात्रा करावी, गडकिल्ले पाहावेत, जमल्यास एकदा समुद्र पाहावा. या यादीत ग्रंथालयाचे नाव मात्र सहसा कोणी घालत नाही. ग्रंथालय म्हणजे पुस्तक आणण्याची जागा. तेथे मुद्दाम जाऊन पाहण्यासारखे काय असणार, असा आपला समज असतो. आपल्या गावच्या वाचनालयाखेरीज दुसरे एकही ग्रंथालय न पाहता पदवी घेऊन बाहेर पडणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखात मला एवढेच मांडायचे आहे, की ग्रंथालये हिंडून पाहावीत. आणि ज्यांच्या घरात आजवर पाठ्यपुस्तकाशिवाय दुसरे पुस्तक आले नाही, अशा माझ्यासारख्यांनी तर ती अवश्य पाहावीत. कारण प्रत्येक ग्रंथालय एकाच प्रश्नाचे आपापल्या परीने उत्तर देत असते. तो प्रश्न असा : पुस्तके कोणाची?

आपले वाचनालय

दूरची ग्रंथालये पाहण्याआधी जवळचे नीट पाहिले पाहिजे. आमच्या तालुक्याच्या गावी एक सार्वजनिक वाचनालय आहे. पुढच्या खोलीत वर्तमानपत्रांचे लाकडी टेबल, मध्ये देवघेवीची खिडकी आणि खिडकीच्या मागे कपाटे. आपण पुस्तकाचे नाव सांगायचे, आतल्या काकांनी ते शोधून आणायचे. काका मोठे प्रेमळ. पण ज्याला पुस्तकाचे नावच ठाऊक नाही, त्याने काय मागावे? ग्रंथालयशास्त्रात या व्यवस्थेला बंद पद्धती म्हणतात आणि वाचकाला कपाटापर्यंत जाऊ देणाऱ्या व्यवस्थेला मुक्तद्वार पद्धती म्हणतात. या दोन शब्दांत किती मोठे अंतर आहे, हे महाविद्यालयात येईपर्यंत मला कळण्याचे कारण नव्हते.

अशी वाचनालये आपोआप उगवलेली नाहीत. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ सालचे, तर कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचे. प्रारंभी इंग्रज अधिकारी आणि नवशिक्षित, सरदार, सावकार अशी मंडळी त्यांच्या मागे होती. ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ अशा नावाने त्यांतील काही ओळखली जात. ज्याच्याजवळ वर्गणी आणि अक्षर दोन्ही आहेत, त्याची पुस्तके, असे त्या काळचे उत्तर होते. पुढे कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६७ साली झाला. आज आपल्या वाचनालयाच्या पाटीवर जो ‘अ’, ‘ब’, ‘क’ किंवा ‘ड’ वर्ग लिहिलेला असतो, तो याच व्यवस्थेतून आलेला आहे. त्यावरून सरकारी अनुदान ठरते. म्हणजे आपल्या वाचनालयात सरकारचा, पर्यायाने सर्व जनतेचा पैसा आहे. ती पाटी आपण रोज पाहतो, पण तिचा हा अर्थ कोणी सांगत नाही.

आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. अलीकडे बहुतेक वाचनालयांना जोडून अभ्यासिका असते आणि ती सकाळपासून भरलेली असते. स्पर्धा परीक्षेची मुले-मुली स्वतःची पुस्तके घेऊन येतात, स्वतःची पुस्तके वाचतात आणि घरी जातात. शेजारच्या खोलीतील कपाटांकडे त्यांतील फार थोड्यांची पावले वळतात. त्यांना दोष देता येणार नाही. त्यांच्या मागे घरचा प्रपंच उभा आहे. तरीही शेकडो वाचक एका बाजूला, हजारो पुस्तके दुसऱ्या बाजूला आणि मध्ये फक्त एक भिंत, हे दृश्य मला बेचैन करते.

एका आकड्याची किल्ली

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपाल सरांनी प्रथम वर्षात आम्हांला एक आकडा पाठ करायला लावला : ८९१.४६. अमेरिकेतील मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली जी दशांश वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली, तिच्यात मराठी साहित्याचा हा वर्गांक आहे. शेवटी १ आला की कविता, २ आला की नाटक, ३ आला की कथा-कादंबरी. ज्या ग्रंथालयात ही पद्धती वापरतात, तेथे हा आकडा शोधत गेले की आपली भाषा सापडते. पत्त्याला जसा पिनकोड, तसा पुस्तकाला हा वर्गांक. अनोळखी ग्रंथालयात पाऊल टाकताना हा एवढा आकडा जवळ असला, तरी माणूस अगदीच परका राहत नाही.

त्याचा दुसरा फायदा असा, की पुस्तकांना शेजार मिळतो. मोबाइलवर आपण जे मागतो ते मिळते. कपाटात मात्र मागितलेल्या पुस्तकाच्या डाव्या-उजव्या बाजूला न मागितलेली पुस्तके उभी असतात. ज्यांच्या घरी ‘हे वाच’ असे सांगणारे कोणी नाही, त्यांच्यासाठी तो शेजारच मार्गदर्शक ठरतो.

भिलार : घराघरांतील कपाटे

गेल्या वर्षी मराठी विभागाची सहल भिलारला गेली होती. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या वाटेवरचे हे गाव एरवी स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध. ४ मे २०१७ रोजी ते ‘पुस्तकांचे गाव’ झाले. वेल्समधील हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना सुचली. फरक असा, की ते गाव पुस्तकांच्या दुकानांसाठी नावाजलेले आहे, तर भिलारमध्ये पुस्तके विकायला नव्हे, वाचायला ठेवलेली आहेत. राज्य मराठी विकास संस्थेच्या या प्रकल्पात सुरुवातीला सुमारे पंचवीस ठिकाणी पंधरा हजारांच्या आसपास पुस्तके ठेवली गेली. एका घरात संतसाहित्य, दुसऱ्यात इतिहास, तिसऱ्यात बालसाहित्य, आणखी कोठे कादंबऱ्या. घराबाहेर पाटी, आत कपाट, बसायला खुर्ची. वर्गणी नाही, अनामत नाही. कपाट उघडावे, पुस्तक काढावे, वाचावे आणि जागेवर ठेवावे.

आम्ही एका घराच्या ओसरीवर बसून वाचत होतो. आतल्या खोलीत त्या घरच्या मावशी भाकरी थापत होत्या. त्यांचा व्यवहार चालू, आमचे वाचन चालू. एका मैत्रिणीने विचारले, “मावशी, एवढी माणसं घरात येतात, त्रास होत नाही का?” मावशी म्हणाल्या, “पुस्तक वाचायला बसलेलं माणूस काय त्रास देणार, बाई?” ग्रंथालयाला मोठी इमारत आणि शांततेची पाटी लागतेच असे नाही, हे मला तेथे कळले. भिलारचे उत्तर असे : पुस्तके घरादाराची, चुलीच्या हाकेवर असावीत अशी.

पुणे : एका ग्रंथासाठी सत्तेचाळीस वर्षे

याच्या अगदी उलट टोकाचे ग्रंथालय मी पुण्यात पाहिले. माझा मामेभाऊ तेथे परीक्षेच्या तयारीसाठी राहतो. त्याच्याबरोबर मी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत गेले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, ही संस्था स्थापन झाली. भांडारकरांनी आपला ग्रंथसंग्रह संस्थेला दिला. मुंबई सरकारने १८६६ पासून गोळा करविलेल्या हस्तलिखितांचा संग्रह डेक्कन कॉलेजात होता. तोही पुढे येथे आला. आज संस्थेत अठ्ठावीस हजारांच्या आसपास हस्तलिखिते आहेत. कागदावरची, ताडपत्रावरची, भूर्जपत्रावरचीही. येथील ऋग्वेदाच्या तीस हस्तलिखितांची नोंद २००७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत झाली.

परंतु माझ्या मनात राहिले ते महाभारताचे काम. महाभारताच्या पोथ्या देशभर विखुरलेल्या. एकीत एक श्लोक, दुसरीत तो नाही. कोठे शब्द वेगळा, कोठे अख्खा अध्याय जास्तीचा. या सर्वांची तुलना करून मुळाच्या शक्य तितक्या जवळ जाणारा पाठ ठरवायचा, असे काम संस्थेने १९१९ साली हाती घेतले आणि ते १९६६ साली पूर्ण झाले. सत्तेचाळीस वर्षे! त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते पाहिली गेली. विष्णु सीताराम सुखठणकर हे १९२५ पासून या कामाचे प्रमुख संपादक होते. ते पूर्ण झालेले पाहण्यास ते राहिले नाहीत. त्यांच्यानंतर इतरांनी ते पुढे नेले.

या चिकित्सक आवृत्तीचा एक खंड मी उघडून पाहिला. पानाच्या वरच्या भागात थोडे श्लोक आणि खाली बारीक टाइपात पाठभेदांच्या ओळीच्या ओळी. कोणत्या पोथीत काय आहे, याचा पै-पैचा हिशेब. संस्कृतात माझी गती फारशी नाही, पण ते पान मला कळले. ‘आम्ही हे म्हणतो’ एवढे सांगून ते थांबत नाही. ‘आम्ही हे का म्हणतो, आणि तुम्हांला दुसरे काही म्हणायचे असेल तर त्याचा पुरावा हा’, असेही ते सांगते. अभ्यास कशाला म्हणतात हे आम्हांला व्याख्यानांतून सांगितले जाते. येथे ते छापलेल्या पानावर दिसले.

अशा ठिकाणी उभे राहिल्यावर दुसरीही एक गोष्ट आठवते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही. त्यांना फारसी घ्यावी लागली. ज्ञानाचे भांडार आणि त्याचे कुलूप ही दोन्ही आपल्याच समाजात होती. म्हणून आज आमच्यापैकी कोणी त्या कपाटांसमोर उभा राहतो, तेव्हा ती नुसती सहल नसते. याच संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजी हल्ला झाला आणि ग्रंथ, हस्तलिखिते, वस्तू यांची नासधूस झाली. कुलूप लावणे आणि मोडतोड करणे, दोन्हींनी पुस्तक वाचकापासून दूरच जाते. ते जवळ येते फक्त वाचण्याने.

मुंबई : तीस पायऱ्या

दिवाळीच्या सुट्टीत मी ठाण्याला आत्याकडे गेले होते. आत्याने मला मुंबई दाखवायची ठरवली. मी म्हटले, राणीचा बाग नको, टाउन हॉल दाखव. आत्याचे आयुष्य मुंबईच्या लोकलगाडीत गेले, पण त्या पायऱ्या तीही कधी चढली नव्हती.

एशियाटिक सोसायटीचे मूळ १८०४ सालचे. जेम्स मॅकिंटॉश यांनी तिची स्थापना केली. १८३३ साली पुरी झालेल्या टाउन हॉलच्या भव्य इमारतीत तिचे ग्रंथालय आहे. समोर तीस पायऱ्या आणि वर उंच खांब. दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’चे एक अतिशय जुने हस्तलिखित येथे आहे. सोपाऱ्याच्या स्तूपात पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली सापडलेले अवशेषही याच संस्थेने जपले आहेत. जुने दुर्मीळ ग्रंथ ‘ग्रंथसंजीवनी’ या उपक्रमातून संगणकावर आणण्याचे कामही संस्थेने केले आहे.

पण मला महत्त्वाची वाटली ती एक तारीख. या संस्थेचे पहिले हिंदी सभासद माणकजी करसेटजी १८४० साली झाले. म्हणजे मुंबईतच उभ्या राहिलेल्या या संस्थेत शिरायला इथल्या माणसाला छत्तीस वर्षे लागली. पुढे तिच्याच कारभारात भारतरत्न पांडुरंग वामन काण्यांसारखे पंडित अग्रभागी राहिले. आज त्या इमारतीत जगन्नाथ शंकरशेट यांचा पुतळा आहे. पायऱ्या तीसच आहेत. पण त्या चढायला कोणाकोणाला किती वर्षे लागली, हे मोजले तर त्यांची उंची कळते. आत्याचे गुडघे दुखत होते, तरी ती वरपर्यंत आली.

मराठीची म्हणून जी ग्रंथालये आहेत, त्यांची कथा वेगळी. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ रोजी स्थापन झाले. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे हे त्याच्या संस्थापकांपैकी प्रमुख. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचे. इंग्रजी पुस्तकांना मान असलेल्या त्या काळात केवळ मराठी पुस्तके जमवण्यासाठी संस्था काढणे हे धाडसच होते. मराठी मुद्रणाच्या बाल्यावस्थेतील, म्हणजे साधारण १८६७ पर्यंतच्या पुस्तकांना ‘दोलामुद्रिते’ असा सुंदर शब्द आहे. दोला म्हणजे पाळणा. पाळण्यात असलेल्या मुद्रणाची ही लेकरे. ती अशा संग्रहालयांनी सांभाळली.

येथे एका माणसाचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. शंकर गणेश दाते यांनी मराठी ग्रंथांची सूची तयार केली. १८०० ते १९३७ या काळातील ग्रंथांचा पहिला भाग १९४३ साली आणि १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा भाग १९६१ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही मिळून पंचवीस हजारांहून अधिक नोंदी. एवढी पुस्तके एका ग्रंथालयात कोठून असणार? जे पुस्तक एका गावी नाही ते दुसऱ्या गावी असते, या साध्या सत्यावर ती सूची उभी आहे. मराठीतील कोणताही अभ्यासक आपले काम सुरू करताना आजही तिच्यात डोकावतो.

दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ आहे. १९१७ साली लंडनहून परतताना बाबासाहेबांनी आपले सामान वेगळ्या बोटीने पाठवले होते. महायुद्ध चालू होते. ती बोट बुडवली गेली आणि त्यांची पुस्तके समुद्रात गेली. त्याच माणसाने पुढे आपल्या ग्रंथांना जागा मिळावी असा विचार करून घर बांधले. आपण घर बांधतो तेव्हा देवघर कोठे, स्वयंपाकघर कोठे, याचा विचार करतो. पुस्तके कोठे, हा विचार घराच्या पायापासून करणारा माणूस आपल्यात होऊन गेला, हे त्या रस्त्यावर उभे राहून आठवले, तरी पुरेसे आहे.

पाहायची राहिलेली

आता ज्यांच्याविषयी वाचले, पण जी अद्याप पाहायची आहेत, अशा दोन ग्रंथालयांविषयी.

पहिले बडोद्याचे. सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९०६ साली आपल्या साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. पण महाराज तेथे थांबले नाहीत. चार इयत्ता शिकून शेतावर गेलेल्या मुलाला पुढे वाचायला काही मिळाले नाही, तर तो शिकलेले विसरणार, हे त्यांनी ओळखले. म्हणून १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला त्यांनी बोलावून घेतले. महाराजांच्या खासगी संग्रहातील सुमारे वीस हजार पुस्तकांच्या आधारावर मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. गावाने काही रक्कम जमवावी, तेवढीच भर सरकारने आणि स्थानिक मंडळाने घालावी, अशा रीतीने गावोगाव वाचनालये निघाली. जेथे तेही शक्य नव्हते, तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठवल्या जात. ही फिरती ग्रंथालये. एका गावाने पेटी वाचून संपवली की ती पुढच्या गावी.

हे वाचताना मला आमचे आण्णा आठवतात. आण्णा चौथी पास आहेत. त्या काळी ते धडे घडाघडा वाचत, असे आजी सांगते. त्यानंतर विहिरीचे काम, ऊसतोड, दुसऱ्याची गुरे. चाळीस वर्षांत त्यांच्या हाती वाचायला आले ते म्हणजे सोसायटीची पावती आणि पंचांग. आज जोडाक्षर आले की ते अडखळतात आणि कागद माझ्याकडे देतात. आण्णांना शाळा मिळाली होती. पेटी मिळाली नव्हती. महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी जे ओळखले, ते किती खरे होते याचा दाखला माझ्या घरातच आहे.

दुसरे तंजावरचे सरस्वती महाल. नायक राजांच्या काळापासूनचा हा संग्रह भोसले घराण्यातील सरफोजीराजे दुसरे (१७७७–१८३२) यांनी अतोनात वाढवला. १९१८ साली तो जनतेसाठी खुला झाला. त्यात संस्कृत आणि तमिळबरोबर तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत. शिवाय मोडीतील कागदपत्रे. मराठी नाटक १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवरा’ने सुरू झाले, असे आपण परीक्षेत लिहितो. पण तंजावरच्या भोसल्यांपैकी शहाजीराजांच्या कारकीर्दीतील (१६८४–१७१२) मराठी नाटकांची हस्तलिखिते तेथे सापडली. रंगभूमीची सलग परंपरा सांगलीपासून धरावी हे ठीक. परंतु मराठीत नाटक लिहिले गेले ते त्याआधी सुमारे दीडशे वर्षे, आणि तेही कावेरीच्या काठी. दूरच्या एका ग्रंथालयाने पोथ्या जपल्या, म्हणून आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातील पहिले प्रकरण बदलले. पुस्तके कोणाची, याला तंजावरचे उत्तर असे : जो जपेल त्याची, मग तो कोठेही असो.

जावे कसे?

माझ्या मैत्रिणींचा नेहमीचा प्रश्न असतो, “आपल्याला आत सोडतील का?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एका शहरातील एका ग्रंथालयाच्या दारावर मला विचारले गेले, “कोणाकडे आलात?” मी पुस्तकांकडे आले होते, पण हे उत्तर तेथे चालले नाही आणि मला परत फिरावे लागले. ते ग्रंथालय या लेखात उल्लेखिलेल्यांपैकी नव्हे. त्या अनुभवातून आणि ग्रंथपाल सरांच्या सांगण्यावरून काही गोष्टी मी लिहून ठेवल्या आहेत. त्या सर्वांच्या उपयोगी पडाव्यात.

एक, निघण्यापूर्वी प्राचार्यांचे किंवा ग्रंथपालांचे पत्र घ्यावे आणि ओळखपत्र बरोबर ठेवावे. सभासद नसलेल्यालाही पुष्कळ ठिकाणी अशा पत्रावर तेथेच बसून वाचण्याची मुभा मिळते. सुट्टीचा दिवस आणि वेळ आधी दूरध्वनी करून विचारावी, म्हणजे एस. टी.चे भाडे वाया जात नाही.

दोन, मनात एखादा प्रश्न घेऊन जावे. ‘ग्रंथालय दाखवा’ म्हटले की भिंती दाखवतात. ‘आमच्या तालुक्याविषयी सर्वांत जुने पुस्तक कोणते?’ असे विचारले की ग्रंथपाल स्वतः उठून येतात. मी आमच्या जिल्ह्याचे गॅझेटियर मागितले होते. त्यानिमित्ताने शेजारची चार पुस्तके पाहायला मिळाली.

तीन, तालिका वापरायला शिकावे. काही ठिकाणी ती लाकडी खणांतील कार्डांवर असते, काही ठिकाणी संगणकावर. लेखक, शीर्षक आणि विषय, अशा तिन्ही वाटांनी पुस्तकापर्यंत जाता येते. दिसलेला बोधांक वहीत जसाच्या तसा उतरवावा. एक टिंब चुकले तर पुस्तक हरवल्यासारखे होते.

चार, जुने ग्रंथ पाहताना शाईचे पेन बाहेर काढू नये, पेन्सिल वापरावी. बोट ओले करून पान उलटू नये. पोथीचे पान दोन्ही हातांनी उचलावे. आपल्यानंतर येणारा वाचक कदाचित शंभर वर्षांनी येणार आहे, हे ध्यानात ठेवावे.

पाच, परत आल्यावर पाहिलेले लिहून ठेवावे : ग्रंथालय केव्हाचे, कोणी काढले, पुस्तकांपर्यंत जाता येते की नाही, वाचायला कोण कोण बसले होते, बायका-मुली किती होत्या. या शेवटच्या नोंदीवरून ग्रंथालयाची परीक्षा होते, असे माझे मत आहे.

एक सूचना

शेवटी प्राध्यापकवर्ग आणि विद्यार्थी मित्र-मैत्रिणींपुढे एक सूचना ठेवते. प्रत्येक वर्षी कला शाखेची एक सहल ग्रंथालयांची असावी. खर्च फार नाही. जवळचीच निवडावीत, जिल्ह्याच्या गावचे जुने नगर वाचनालयही आपल्यापैकी किती जणांनी आतून पाहिले आहे? पण केवळ पाहून भागणार नाही. बडोद्याची पेटी आपल्यालाही भरता येईल. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमातून अशाच ग्रंथपेट्या ठिकठिकाणच्या वाचकांपर्यंत पोहोचवल्या आहेत, म्हणजे ही कल्पना जुनी झालेली नाही. आपल्या महाविद्यालयात तीस-पस्तीस गावांतून मुले-मुली येतात. दर सुट्टीत प्रत्येक गावासाठी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून पंचवीस पुस्तकांची एक पेटी द्यावी. त्या गावच्या विद्यार्थ्याने जबाबदारी घ्यावी, नोंदवही ठेवावी आणि सुट्टी संपताच पेटी परत आणावी. पुस्तके मोठ्या अक्षरांची निवडावीत, म्हणजे वाचायची सवय मोडलेल्यांनाही ती पुन्हा लावता येईल. दोन-चार पुस्तके फाटतील, एखादे हरवेल. कपाटात वाळवी लागून जाण्यापेक्षा ते बरे.

ग्रंथपाल सरांशी मी याविषयी बोलले आहे. सरांनी विचारले, “पहिली पेटी कोणत्या गावाला?” मी आमच्या गावाचे नाव दिले आहे. दुसऱ्या पेटीसाठी नावे हवी आहेत.